गाणं शेवटपर्यंत ऐकल्यावर

दिवा, ११ फेब्रुवारी २०२५

प्रीतम,

माळ्यावरच्या तुझ्या खोक्याचं काय करायचं, एवढं विचारायला लिहितोय. फोन तू उचलत नाहीस, म्हणून पत्र. वर्तकनगरचा पत्ता तुझ्या आईने दिलेला नाही. गॅसच्या पुस्तकात कागद सापडला. तिच्यावर चिडू नकोस.

गेल्या बुधवारी उजव्या डोळ्याचा मोतीबिंदू काढला. पंधरा दिवस वाकायचं नाही, वजन उचलायचं नाही, टीव्ही बघायचा नाही. म्हणजे पाणी सोडायची चावीपण धरायची नाही. बावीस वर्षांत पहिल्यांदा तुळसादेवी वसाहतीचं पाणी दुसरा माणूस सोडतोय. हरिहर. मुख्य पाइपाचा वॉल कुठे अडकतो ते त्याला माहीत नाही. पहाटे तो लोखंडाशी झटापट करतो आणि मी अंथरुणात पडून दात खातो.

तर खोकं. आईने माळा झाडायला काढला तेव्हा खाली आलं. चौदा कॅसेटी आणि वायर गुंडाळलेला वॉकमन. भंगारवाला दारात होता, तरी तिने देऊ दिलं नाही. दुपारी ती झोपली, मी हरिहरने इथे विसरलेल्या बॅटरीतले सेल काढून वॉकमनमध्ये घातले. काय आहे ते बघावं म्हणून, बाकी काही नाही.

डोळ्यात थेंब घातले की सगळं दुधातून बघितल्यासारखं दिसतं. खिडकीतून नव्या बिल्डिंगच्या गॅलऱ्या पांढऱ्या-पांढऱ्या, जणू कोणी मीठ पसरून ठेवलंय. कानात एक माणूस बोलत होता. गात नव्हता, बोलतच होता, भराभर, आणि खालून ठोका. ढोल आहे पण सण नाही, असा ठोका. मला एक अक्षर कळलं नाही. वाटलेलं, दोन मिनिटांत काढून ठेवीन. कॅसेटची एक बाजू संपली तेव्हा खट्ट झालं आणि मी दचकून जागा झालो. झोपलेलो की नाही ते सांगता येत नाही. मी एका उंच इमारतीचे जिने चढत होतो. बाहेर बर्फ होतं, पण वास आपल्या खाडीचा होता. प्रत्येक मजल्यावर दार उघडं आणि आतली माणसं काहीतरी सांगायला तोंड उघडून उभी.

आवरणावर साल छापलंय, १९८८. त्या वर्षी मी मंडणगडहून इकडे आलेलो.

खोक्याचं कळव.

पप्पा

---

दिवा, २२ फेब्रुवारी

प्रीतम,

तू कळवलं नाहीस, म्हणून खोकं ठेवलंय.

बाजूची कृतिका आता बारावीला आहे. परीक्षा चालू आहे तरी रोज अर्धा तास येऊन बसते. कॅसेटच्या आतल्या घडीच्या कागदावर मुंगीएवढी इंग्रजी गाणी छापलीत (कृतिका याला रॅप म्हणते), ती मोबाईलच्या उजेडात वाचते आणि मला मराठीत सांगते. अडली की तुझ्या पेन्सिलीच्या टिपा आहेतच. तू एवढं बारीक, एवढं सुरेख लिहायचास हे मला माहीत नव्हतं. शाळेतून तर तुझ्या अक्षराच्या तक्रारीच यायच्या.

१९८८वाल्या कॅसेटमधला माणूस सातव्या मजल्यावर राहायचा. लिफ्ट बंद, चार वर्षं. गाण्यात तो पायऱ्या मोजतो, आणि कुठल्या पायरीवर कोण बसलेलं ते सांगतो. कृतिका म्हणाली, "काका, हा म्हणजे आपल्या ए विंगचा जिना." मी म्हटलं, हो. १९९१ची एका बाईची आहे. पोलिसावर ओरडणारे पुरुष घरी येऊन बायकोवर आवाज का चढवतात, असं ती आपल्याच गल्लीतल्यांना विचारते. हे कृतिका सांगत असताना तुझी आई कणीक मळत होती. ती मळायची थांबली.

मला एक समजत नाही. ही माणसं आपलं नाव, गल्लीचं नाव, बिल्डिंगचा नंबर सगळं सांगतात. पोस्टमनला सांगावं तसं. त्यांना भीती नाही वाटली? आपल्यातलं बाहेर काढलं म्हणून शेजारी काही बोलले नसतील?

तू तसलं गाणं काढलंस तेव्हा बोलले. म्हणजे मला बोलले. आता विषय निघालाच आहे म्हणून लिहितो. गणपतीच्या मंडपात पोरांनी तुझं गाणं लावलं, सगळी वसाहत आरतीला उभी होती, आणि स्पीकरमधून माझा मुलगा सांगत होता की पाणी कोण चोरतं. "पाटीवर लिहिलंय पाणी सहा ते साडेसहा, सहा दहाला नळ रडतो, कळशी घेऊन पाहा. चावी ज्याच्या हातात, त्याचं आडनाव माझं." एवढ्यावर मी वायर उपटली आणि सगळ्यांसमोर तुझ्या थोबाडीत मारली. संध्याकाळी तू बॅग घेऊन गेलास. दीड वर्ष होत आलं.

मी मारायला नको होतं. पण तू लिहिलंस तेही खरं नव्हतं. वीस मिनिटं नव्हती. पाच असतील. नव्या बिल्डिंगची टाकी उंच आहे, दाब लागतो, म्हणून पाच मिनिटं आधी वॉल फिरवावा लागायचा. हे तू मला विचारलं असतंस तर मी सांगितलं असतं.

डोळा चांगला आहे. उजव्याने आता निळा रंग इतका निळा दिसतो की मला माझ्याच शर्टाची लाज वाटली.

पप्पा

---

दिवा, ९ मार्च

प्रीतम,

परवा डावा डोळा झाला. आता दोन्ही डोळ्यांत थेंब. दुपारभर मी पाण्याखाली बसल्यासारखा असतो. हे पत्र ओळी सोडून जात असेल तर समजून घे.

आईशी तू रोज तीन वाजता बोलतोस. ती गॅलरीत जाऊन कपडे वाळत घालायचं सोंग करते. तेच दोन टॉवेल रोज. मला पहिल्या दिवसापासून माहीत आहे. तिला सांगू नकोस, बोलत राहा.

खोक्यात सगळ्यात खाली एक कॅसेट होती, १९९६ची, चिकटपट्टीने जोडलेली. खूप वाजवलेली दिसते. त्यातला माणूस कोणावर ओरडत नाही. सावकाश बोलतो. कृतिकाने कागद दोनदा वाचला. मग म्हणाली, "काका, हा स्वतःचंच सांगतोय. मित्राच्या भावाला नशेची पुडी यानेच दिलेली. तो पोरगा गेला. हा म्हणतो, मी दिलेली." समासात तुझी पेन्सिल होती. आधी स्वतःचं नाव.

त्या दुपारी मी ती चार वेळा ऐकली. इंग्रजी कळत नाही, पण माणूस खरं बोलताना मध्येच कुठे श्वास घेतो ते कळतं. डोळे मिटून पडलेलो. रस्ता दिसत होता, त्यांच्या गावचा असावा, दोन्ही बाजूंना विटांची घरं, आणि रस्त्याच्या मधोमध आपला मुख्य वॉल. मी चावी लावून उभा आहे आणि मला फिरवायची कुठल्या बाजूला तेच आठवत नाही. घराघरांतून माणसं बघतायत. कोणी रागावलेलं नाही. फक्त बघतायत.

उठल्यावर मी कृतिकाला म्हटलं, प्रीतमचं गाणं आहे का तुझ्याकडे? तिने माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी तिचा मोबाईल मागतोय. मग लावलं. प्रीतम, मी ते कधी शेवटपर्यंत ऐकलंच नव्हतं. माझ्या आडनावाला वायर उपटली आणि मला वाटलं, पुढे शिव्याच असणार.

पुढे आपल्या वसाहतीतल्या मीराबाई आहेत. दिव्याच्या या अंगाला पाणी गेलं म्हणून रूळ ओलांडून पलीकडच्या नळावर जाणाऱ्या, येताना भरल्या हंड्यासकट खडीवर पडलेल्या, खुबा मोडलेल्या. आणि मग तू आहेस.

"माझ्या घरची पिंपं दोन, दोन्ही काठोकाठ,
त्याच पाण्यानं आंघोळ केली, ताठ ठेवली पाठ.
मला ठाऊक होतं सगळं, मी तोंड उघडलं नाही,
बापाआधी माझं नाव लिहा, मग त्याची घ्या सही."

कृतिका निघून गेली. मोबाईल इथेच विसरली, की मुद्दाम ठेवून गेली, माहीत नाही.

वीस मिनिटं होती. सुरुवातीला पाच. मग दहा. मीराबाई पडल्या तोपर्यंत वीस. काळुरामशेठ वसाहतीचे अध्यक्ष, बिल्डिंग त्यांच्या पुतण्याची, ते म्हणाले, बघून घे जरा. घेतलं मी बघून. पैसे घेतले नाहीत, शपथ सांगतो. पण का केलं ते सांगितलं तर तू हसशील. आपल्या चाळीच्या विंगांत मला सगळे "ए पाणी" म्हणायचे. "ए पाणी, आज उशीर का?" "ए पाणी, गढूळ का?" बिल्डिंगमधली माणसं देवरामभाऊ म्हणायची. एका घरी वास्तुशांतीला मला पहिल्या रांगेत बसवलं, पाटाला रांगोळी काढलेली. बस. एवढंच होतं. रोज सकाळी देवरामभाऊ ऐकायला मी वीस मिनिटं देत होतो.

हे मी तुझ्या आईलाही कधी सांगितलेलं नाही.

पप्पा

---

दिवा, २५ मार्च

प्रीतम,

काल आंबिवलीला जाऊन आलो. आईला सांगितलं, डोळे दाखवायला जातोय. तिने डब्यात नाचणीचे लाडू भरून दिले आणि म्हणाली, "डॉक्टरला आवडतात का बघा." म्हणजे तिला कळलेलं.

मीराबाई लेकीकडे राहतात, स्टेशनपासून दहा मिनिटं. तळमजल्याची खोली आहे. खिडकीतून उन्हाचा एक पट्टा पडलेला, त्यात त्या पलंगावर बसून मेथी निवडत होत्या. कुबडी भिंतीला. मला वाटलेलं, ओळखणार नाहीत.

"ये देवराम," त्या म्हणाल्या. "डोळे केलेस वाटतं. बघायला लागलास."

मी लाडवांचा डबा ठेवला. बोलायचं ते वाटेत दहा वेळा जुळवलेलं. चहा आला, प्यायलो. शेवटी म्हटलं, "मीराबाई, पाणी मी बंद करायचो. वेळेच्या आधी. तुम्ही पडलात ते माझ्यामुळे."

त्या मेथी निवडतच राहिल्या. "मग? मला काय नवीन सांगतोस? नळाला कान लावून बसणारी बाई मी. पाणी संपलं तर नळ हळूहळू दमतो. कोणी बंद केलं तर एकदम गप्प होतो. मला रोज ऐकू यायचं."

"मग बोलला का नाहीत?"

"कोणाला बोलू? चावी तुझ्याकडे, पाटी अध्यक्षांची. आणि तुझं पोरगं माझ्या मांडीवर वाढलेलं. तुझी शालू कामाला जायची तेव्हा मीच त्याला भात भरवलाय. त्याच्या बापाचं नाव कशाला घेऊ?" मग जुडी बाजूला ठेवून त्यांनी माझ्याकडे सरळ पाहिलं. "ते येतं इथे. महिन्यातून एकदा. माहीत आहे तुला?"

मला माहीत नव्हतं.

"गाण्यात माझं नाव घालायच्या आधी विचारायला आलेलं. म्हणालं, मावशी, तू नाही म्हणालीस तर नाही घालणार. मी म्हटलं, घाल, पण नुसती म्हातारी म्हणू नकोस, नाव घे. त्यानं मला विचारलं, देवराम. तू विचारलंस काय, मीराबाई, आज पाणी बंद करू का म्हणून?"

उन्हाचा पट्टा सरकत माझ्या पायावर आलेला. नव्या डोळ्यांना त्यातली धूळ एकेक कण करून दिसत होती, आणि मला तिथून उठावंसं वाटत नव्हतं. शिक्षा ऐकायला आलेल्या माणसाला त्या घरात गारवा वाटत होता.

"माफ करा," मी म्हटलं.

"ते मी बघीन. झालं तर कळवीन." त्यांनी परत मेथी घेतली. "मला सांगून तुझं ओझं उतरेल, माझं काय उतरणार? ज्यांना माहीत नाही त्यांना सांग. अजून तिथे तेच चाललंय ना?"

चाललंय, प्रीतम. हरिहरलाही काळुरामशेठनी तेच सांगितलंय. तो सहा पाचलाच बंद करतो. त्याला तेवढीही लाज नाही, कारण त्याच्यावर कोणी गाणं केलेलं नाही.

निघताना त्यांनी लाडवाचा डबा उघडून एक खाल्ला. एवढं सांगावंसं वाटलं.

पप्पा

---

दिवा, १५ एप्रिल

प्रीतम,

काल फोनवर मी नीट बोललो नाही. आई समोर उभी होती, हातात उलथणं, डोळ्यांत पाणी, आणि तुझा आवाज इतक्या दिवसांनी. मी फक्त "हं, हं" करत राहिलो. म्हणून परत पत्रच.

तू रेकॉर्डिंग ऐकलंस म्हणालास. कृतिका मागच्या रांगेत बसून मोबाईल धरून होती हे मला माहीत नव्हतं. पण रेकॉर्डिंगमध्ये सगळं येत नाही. गेल्याच्या गेल्या रविवारी सकाळी दहा वाजता सभा होती. मंडपाच्या जागी सतरंज्या, बिल्डिंगवाल्यांना खुर्च्या. रंगकामाचा विषय चाललेला. मी उभा राहिलो. मला वाटलं की हे सगळं मी आधी पाहिलंय, डोळ्यात थेंब घालून, कानात तो ठोका ऐकत. माणसं घराघरांतून बघतायत आणि कोणी रागावलेलं नाही. मग बोलता आलं.

बोललो ते तू ऐकलंसच. माझं नाव देवराम, मी बावीस वर्षं इथलं पाणी सोडतो, आणि त्यातली सहा वर्षं मी तुमचं पाणी वीस मिनिटं आधी बंद केलं. मीराबाई त्यामुळे पडल्या.

काळुरामशेठ हसत म्हणाले, "देवराम, खाली बस. डोळ्याचं औषध चढलंय तुला." मी म्हटलं, "शेठ, तुम्ही सांगितलंत आणि मी केलं. दोघांनीही केलं. माझं मी सांगितलं, तुमचं तुम्ही सांगा." त्यांनी सांगितलं नाही. ते चप्पल घालून निघून गेले. ती मधली शांतता आहे ना रेकॉर्डिंगमध्ये, ती तेव्हाची.

राग आला तो नंतर. रागावणार नाहीत असं मला वाटलेलं, ते स्वप्नातच. सी विंगची करिश्मा उठली. तिचं लेकरू कडेवर. म्हणाली, "माझी मोठी पोर दोन वर्षं पारोशी शाळेत गेली. बाई तिला मागच्या बाकावर बसवायच्या. तुम्ही जिन्यात भेटलात की तिला गोळी द्यायचात, काका." बिल्डिंगमधला एक म्हातारा माणूस खुर्चीवरून उठला आणि खाली सतरंजीवर येऊन बसला.

माझ्याकडची दुसरी चावी मी टेबलावर ठेवली. काम गेलं. ते जाणारच होतं. आता चावी हरिहरकडे आहे, पण रोज सकाळी दोन बायका घड्याळ घेऊन त्याच्याजवळ बसतात, पाळीपाळीने. बिल्डिंगच्या टाकीला दुसरा पंप बसवायचं ठरतंय. भांडणं आहेत, राहतील. काही माणसं माझ्याशी बोलत नाहीत. तुझ्या आईने दोन दिवस मला जेवण वाढलं, पण समोर बसली नाही. तिसऱ्या दिवशी बसली आणि विचारलं, "त्या वास्तुशांतीला जेवायला काय होतं हो?" म्हणजे तू तिला माझं पत्र वाचून दाखवलंस. बरं केलंस.

आता तू फोनवर विचारलंस ते. "पप्पा, गाणं काढून टाकू का? आता तुम्ही स्वतःच सांगितलंय." काढू नकोस. तू माझ्या आधी सांगितलंस आणि मी मारलं, हे तसंच राहू दे. पुढे कधी कोणाचा बाप दुपारचा पडल्या-पडल्या ऐकेल, त्याला अर्धं ऐकून उठता येऊ नये असं मात्र काही करता आलं तर बघ. आणि तू वाटलं तेव्हा ये. माझ्यासाठी नको, आईचे टॉवेल झिजले.

आज सकाळी मी आयुष्यात पहिल्यांदा कळशी घेऊन नळाच्या रांगेत उभा राहिलो. पिंपं आता आपलीही रिकामी असतात. माझा नंबर अकरावा. पुढे करिश्मा, मागे कृतिकाची आई. रांगेत उभं राहिलं की वेळ किती लांब होते हे मला बावीस वर्षं कळलं नव्हतं. एकेक कळशी भरताना आवाज बारीक होत जातो, आणि प्रत्येक जण तो कान देऊन ऐकतो. मीही ऐकत होतो. कोवळं ऊन पडलेलं, सगळ्यांच्या भांड्यांवर. करिश्माने आपली कळशी उचलली आणि मागे न बघता पायाने माझी नळाखाली सरकवली.

सहा वाजून सव्वीस मिनिटं झालेली. पाणी होतं.

पप्पा